आक्का, तो डाग परत आला नाही

आक्का,

तू गेलीस त्या सकाळी मी काय केलं, ते घरात कुणालाच नीट कळलं नाही. बायका तुला न्हाऊ घालायच्या तयारीत होत्या. मी म्हणालो, "दोन मिनिटं बाहेर थांबा." दार लोटून घेतलं, खाली बसलो, चादर सरकवली आणि तुझी डावी टाच दोन्ही हातांत धरून खिडकीच्या उजेडाकडं वळवली. मांडीची कातडी काढून लावलेलं ते ठिगळ जसंच्या तसं होतं, कडेनं पांढुरकं, मधे जरा खोलगट. बोटानं कडा दाबून बघितल्या. काळं कुठंच काही नव्हतं. मग बाहेर येऊन मंगलला हळूच सांगितलं, न्हाऊ घालताना जांघेत हात फिरव, गाठ लागते का बघ. माझी बायको माझ्याकडं बघतच राहिली. पण तिनं बघितलं. नंतर ओल्या हातानंच माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "काही न्हाई लागलं."

दाराच्या फटीतून कुणीतरी मला पाहिलं असावं. "भाऊ आक्काच्या पायाला मिठी मारून बसले होते," असं दिवसभर चाललं होतं. मी मिठी मारली नव्हती. मी तपासत होतो. चाळीसेक वर्षांची सवय, ती तुझ्या शेवटच्या सकाळीही सुटली नाही.

डॉक्टरांनी दाखल्यावर हृदय लिहिलं. चहा ठेवायला उठलीस आणि ओट्याशीच खाली बसलीस, तेवढंच. ज्याची आपण एवढी वर्षं वाट बघितली तो आलाच नाही, आणि ज्याचं कधी नावही काढलं नाही त्यानं तुला नेलं. तू असतीस तर हसली असतीस याच्यावर. मला अजून हसू येत नाही.

आज अकरा दिवस झाले. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, लोक बोलले. शाळा, मुली, शिस्त, साधेपणा, सगळं बोलून झालं. मलाही दोन शब्द बोलायला सांगितलं होतं. मी उठलो आणि "जयभीम" म्हणून खाली बसलो. मला जे बोलायचंय ते सभेत बोलण्यासारखं नाही. ते तुझ्या-माझ्यातलं आहे, आणि अर्ध्यावर राहिलेलं आहे.

बहात्तरच्या दुष्काळात तू वीस वर्षांची होतीस, मी चौदाचा. माय आधीच गेलेली. तू आणि बाबा पाझर तलावाच्या कामावर जायचात. तू मातीच्या पाट्या वाहिल्यास, खडी फोडलीस. मी लातूरला वसतिगृहात पुस्तकं वाचत होतो, कारण तू ठरवलं होतंस की एकानं तरी वाचायची. एका रविवारी तू चालत आलीस, कामावर खायला मिळालेली सुकडी फडक्यात बांधून. फाटकाशी उभी होतीस आणि एक पाय उचलून दुसऱ्या पायावर ठेवत होतीस, कारण डांबर तापलं होतं आणि तुझ्या पायांत काही नव्हतं. मला पोरांसमोर तुझी लाज वाटली. सुकडी घेतली आणि "जा आता" म्हणालो. तू गेलीस. हे मी तुला कधी सांगितलं नाही, पण तुला तेव्हाच कळलं असणार.

पुढच्या वर्षी बाबा गेले. तू राहिलेल्या परीक्षा दिल्यास, अध्यापक विद्यालय केलंस, जिल्हा परिषदेच्या शाळेत लागलीस. तुझी ठरत आलेली सोयरीक दुष्काळातच मोडली होती. पुन्हा कुणी विषय काढला की तू म्हणायचीस, "मिलिंदाचं होऊ द्या आधी." माझं झालं. प्रयोगशाळेचा कोर्स करून मी औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यात तंत्रज्ञ म्हणून लागलो. लोकांच्या शरीरातून काढलेले तुकडे मेणात बसवायचे, त्यांचे पातळ काप करायचे, रंगवायचे आणि काचेवर लावून डॉक्टरांपुढं ठेवायचे. तू विचारलंस, "आन् ते बघून काय कळतं?" मी ऐटीत म्हणालो, "समदं कळतं."

उन्हाळ्यात रजा घेऊन मी निलंग्याला, तुझ्या शाळेच्या गावी आलो तेव्हा तू लंगडत होतीस.

"काटा रुतलाय बाभळीचा," तू म्हणालीस. "टोक आतच राहिलंय, म्हणून काळं दिसून राहिलंय."

"कधीपासून?"

"झालं असंल वरीस."

वर्षभर काटा काळा राहत नाही, आक्का. मी टाच बघितली. हरभऱ्याएवढा काळा डाग, कडा वेड्यावाकड्या, मधे फुटून ओलं झालेलं. तू सुईनं कोरून कोरून काटा शोधला होतास. असे डाग मी काचेवर पाहिले होते. दुसऱ्या दिवशी तुला एसटीत बसवून औरंगाबादला नेलं. तू रस्ताभर शाळेच्या निकालपत्रकांची काळजी करत होतीस.

टाच खोलवर कापली, जांघेतल्या गाठी काढल्या, मांडीची कातडी टाचेला लावली. तुकडा प्रयोगशाळेत आला तेव्हा आमचे सर म्हणाले, "दुसऱ्या कुणाला करू दे." मी म्हणालो, "नाही सर, मीच करतो." मेणाचा ठोकळा यंत्राला लावला आणि काप काढले. ते कोमट पाण्यावर सोडतात, सुरकुत्या जायला. तुझी टाच त्या पाण्यावर तरंगत होती, केसाहूनही पातळ. ती टाच दुष्काळात कुठं कुठं चालली होती ते मला माहीत होतं. मी सरांना विचारलंही, अनवाणी चालण्यानं झालं का हे? सर म्हणाले, तसं काही सांगता येत नाही. तरी माझ्या मनातून ते गेलं नाही.

सरांनी सूक्ष्मदर्शकाच्या भिंगातल्या पट्टीनं डागाची खोली मोजली. वरच्या कातडीपासून तो आत किती उतरलाय, ते. एकदा मोजली, पुन्हा मोजली. चार मिलिमीटरच्या वर होती.

"जाड आहे," सर म्हणाले. "वरून फुटलेलाही आहे. जांघेतल्या गाठी मात्र साफ आहेत, तिथवर पसरलेला नाही."

"परत येईल का, सर?"

सर कमी बोलणारे होते. त्यांनी चष्मा काढला. "येण्याचीच शक्यता जास्त धर. पहिली दोन-तीन वर्षं डोळ्यांत तेल घालून जप. पण एक ऐक. अशी शंभर माणसं रांगेत उभी केली तर त्यातल्या साधारण कितीजणांना परत होईल, याचा अंदाज मी करू शकतो. त्या रांगेत तुझी बहीण कुठं उभी आहे, ते मला दिसत नाही. कुणालाच दिसत नाही."

मी तेव्हा तेवीस-चोवीसचा होतो. मी पहिलं वाक्य ऐकलं. बाकीचं ऐकूनही ऐकलं नाही.

परतीच्या बसमध्ये तू पाय माझ्या पिशवीवर ठेवून बसली होतीस. बीड मागं पडलं तेव्हा तू विचारलंस, "कॅन्सरच होता ना?"

"हाव."

"परत येतोय का?"

"न्हाई. समदा काढलाय."

तू खिडकीबाहेर बघत राहिलीस. मला वाटलं, तुझं समाधान झालं.

पुढच्या वर्षी उस्मानाबादचा तुकडा पडून लातूर वेगळा जिल्हा झाला. गावात पेढे वाटले गेले, चौकात बॅंड वाजला, आणि सरकारी नोकरांच्या घरात फॉर्म आले. कुणी नव्या जिल्ह्यात राहायचं, कुणी दुसरीकडं जायचं. मला लातूरच्या दवाखान्यात बदली मिळाली आणि मी खूश झालो, आता तू हाकेच्या अंतरावर. पण तू फॉर्म भरत नव्हतीस. ऑफिसातले म्हणत होते, बाई, दुसऱ्या जिल्ह्यात जायचं असंल तर आत्ताच अर्ज टाका, एकदा इथली यादी पक्की झाली की सोडणार न्हाईत.

मी विचारलं, "तुला कुठं जायचंय?"

तेव्हा तू लाजलीस. तीस-एकतीस वर्षांची माझी बहीण, शाळेत जिच्या नजरेनं वर्ग गप्प व्हायचा, ती पदराशी खेळत लाजली. म्हणालीस, नांदेडच्या शिबिरात एक शिक्षक भेटले होते, सोनकांबळे गुरुजी. नांदेड जिल्ह्यात हिमायतनगरला असतात. बायको वारलेली, सुजाता नावाची सहा वर्षांची पोरगी आहे. गणित चांगलं शिकवतात. दोन-चार पत्रं झाली. त्यांनी सरळ विचारलंय.

"मी त्यांना एवढंच सांगितलंय की टाचेचं ऑपरेशन झालं," तू म्हणालीस. "बाकीचं भावाला विचारून सांगते म्हणले. आता नीट सांग मला, मिलिंदा. फॉर्म भरायचाय. परत येईल का तो?"

तू माझ्यासमोर फॉर्म ठेवून विचारलंस, आक्का. त्याहून सरळ कुणी कसं विचारावं? आणि मी पुन्हा म्हणालो, "न्हाई येणार. कितींदा सांगू?"

आणि त्याच आठवड्यात रजा टाकून मी हिमायतनगरला गेलो. लातूरहून नांदेड, नांदेडहून भोकरच्या बाजूची गाडी. गुरुजींची शाळा सुटायची होती. मी बाहेर थांबलो. वर्गातून त्यांचा आवाज येत होता, पाढे घेत होते. चुकलेल्या पोराला रागावत नव्हते, म्हणत होते, "पुन्हा पहिल्यापासून, घाई न्हाई." तो आवाज ऐकून मी परत फिरायला हवं होतं.

त्यांनी घरी नेलं. सुजातानं पाणी आणून दिलं आणि दाराला टेकून उभी राहिली. तिच्या वेण्या वाकड्या होत्या, गुरुजींनी घातलेल्या असणार. तिला बाहेर खेळायला पाठवून मी सगळं सांगितलं. कॅन्सर होता. खोल होता. परत येण्याचीच शक्यता जास्त. दोन-तीन वर्षं. "तुमच्या पोरीची आई एकदा गेलीय, गुरुजी. पुन्हा एकदा तिच्यावर तशी पाळी येऊ नये, म्हणून आलो."

गुरुजींनी बाहेर खेळणाऱ्या सुजाताकडं एकदा बघितलं. मग विचारलं, "बाईंना ठाऊक आहे हे?"

"न्हाई."

"तुम्ही सांगितलं न्हाई?"

"तिला सहन व्हायचं न्हाई."

त्यांनी मला बसस्टँडपर्यंत सोडलं. चहा पाजला. महिनाभरात तुला त्यांचं पत्र आलं. मी आलो तेव्हा तू ते वाचून ट्रंकेत ठेवलं होतंस. "घरच्या अडचणी हाईत त्यांच्या," एवढंच म्हणालीस, आणि लातूर जिल्ह्याचा फॉर्म भरून टाकलास. माझ्याच पेनानं भरलास. अक्षर नेहमीसारखं वळणदार होतं.

मग सुरू झालं आपलं पाय बघणं. दर तीन महिन्यांनी मी निलंग्याला यायचो. तू पाट टाकून बसायचीस, पाय पुढं करायचीस. मी टॉर्च मारून टाच बघायचो, घोटा बघायचो, पोटरीवर हात फिरवायचो. जांघेतलं तू स्वतः बघायचीस आणि न विचारता सांगायचीस, "गाठ न्हाई." पहिल्या वर्षी येताना बसमध्येच मला घाम फुटायचा. दुसऱ्या वर्षीही. तिसरं वर्ष सरलं तेव्हा आनंद झाला, आणि त्या आनंदातच काहीतरी टोचायला लागलं. पाचवं वर्ष आलं, सातवं आलं. दर वेळी टाच साफ. दर वेळी मी "छान आहे" म्हणायचो आणि दर वेळी ते म्हणताना माझी जीभ जड व्हायची. तू बरी राहिलीस याचं सुख व्हायला हवं होतं, आणि होतंही. पण तू जितकी बरी राहत होतीस तितका मी चूक ठरत होतो.

दहा वर्षं झाली त्या दिवशी दुपारी तू अंगणात तूर निवडत होतीस. मी पाय बघितला, टॉर्च बंद केला आणि म्हणालो, "दहा वर्षं, आक्का. आता सुटलीस तू."

तू पाय खाली घेतलास. सुपात बघतच म्हणालीस, "मी सुटले. तू कधी सुटणार?"

"मतलब?"

"हिमायतनगरला गेला होतास ना?"

मी नाही म्हणणार होतो. तू मान वर केलीस आणि मला ते जमलं नाही.

"गुरुजींनी लिहिलं होतं?"

"त्यांनी तुझं नाव न्हाई घेतलं. चांगला माणूस. पण पत्रात कॅन्सर लिहिलं होतं. मी तो शब्द त्यांच्याजवळ काढलाच नव्हता. मग कुणी सांगितला असंल?"

"दहा वर्षं ठाऊक होतं तुला?"

"दर तीन महिन्याला वाटायचं, आता बोलंल. आता बोलंल."

मग मी बोललो, आणि रागानंच बोललो. चुकलेला माणूस चटकन चिडतो. म्हणालो, माझं काय चुकलं? रिपोर्ट माझ्या हातात होता. सरांनी सांगितलं होतं. तो परत आला असता तर? त्या पोरीचं काय झालं असतं? तू दोन वर्षांत गेली असतीस तर तूच म्हणाली असतीस, मिलिंदानं बरं केलं.

तू सूप बाजूला ठेवलंस. आवाज चढवला नाहीस.

"तू त्यांना खरं सांगितलंस आन् मला खोटं. मला खरं सांगितलं असतंस तर मी त्यांना सांगितलं असतं. त्यांनी त्यांचं ठरवलं असतं, मी माझं. तू एकट्यानं तिघांचं ठरवून टाकलंस."

"पण तो आला असता तर, आक्का?"

"आला असता तरी."

"आला असता तरी काय?"

"दोन वर्षं तर दोन वर्षं. दोन वर्षं लई असतात, मिलिंदा."

आणि तू पुन्हा सूप ओढून घेतलंस. भांडण तिथंच थांबलं, मिटलं नाही. नंतर कितीतरी वेळा मी ते मनात पुढं नेलं. तुला पटेल असं काहीतरी शोधत राहिलो. माझी सगळी वकिली एकाच गोष्टीवर उभी होती, की अंदाज खरा ठरला असता तर मी बरोबर असतो. तू ती गोष्टच काढून घेतलीस. अंदाज खरा ठरला असता तरी मी चूकच होतो, हे समजायला मला आणखी पुष्कळ वर्षं लागली. सरांना त्या रांगेत तू दिसत नव्हतीस. तू मला समोर दिसत होतीस, पाटावर बसलेली, फॉर्म पुढ्यात घेऊन. मी तुझ्याकडं न बघता रांगेकडं बघितलं.

तुझी जिंदगी मात्र तू रिकामी ठेवली नाहीस. ते मी लिहिलं नाही तर तुझ्यावर पुन्हा एकदा अन्याय होईल. तू शाळेतल्या पोरींचे पाय बघायला लागलीस. आधी त्या हसायच्या. मग त्यांच्या आयांचे बघितलेस, मग शेतावर जाणाऱ्या बायकांचे. कुठं काळा डाग वाढतोय, कुठं जुन्या भाजलेल्या वणातली जखम भरत नाही, की चिठ्ठी देऊन माझ्याकडं लातूरला. बहुतेक वेळा साधा तीळ निघायचा, नाहीतर खरंच काटा निघायचा. माझ्या दवाखान्यातले चेष्टा करायचे, "तुमच्या आक्कांचा काटा आलाय बघा." पण काही वेळा तो काटा नसायचा.

त्यातलीच एक पारूबाई. तळपायाचा डाग, वेळेत आला, पातळ होता. ऑपरेशननंतर ती तुझ्या घरी उतरली होती आणि मी तिथं होतो. तिनं तुला विचारलं, "बाई, परत येतंय का हो हे?"

मी आत जायला उठलो. हा प्रश्न मला ऐकवत नाही. तू तिच्याजवळ सरकलीस.

"पारू, न्हाई यायचा असं डॉक्टर म्हणतेत, कारण तुझा पातळ होता. पण छातीवर हात ठिवून कुणीच सांगू शकत न्हाई. माझा जाड होता, माझा येणार असं म्हणत होते. अजून न्हाई आला. म्हणून दर तीन महिन्याला पाय दाखवायचा, आन् मधल्या तीन महिन्यांत फिकीर न्हाई करायची. जमंल?"

"जमंल की," पारूबाई म्हणाली, आणि तिनं भाकरी मागितली. आक्का, ती रडली नाही, कोसळली नाही. भूक लागली म्हणाली. मी उंबऱ्यात उभा राहून बघत होतो. तिला जे सहन झालं ते तुला सहन होणार नाही, असं मी कशावरून ठरवलं होतं?

आणि "माझा येणार असं म्हणत होते" हे तुला मी कधी सांगितलं होतं? अंगणात, रागाच्या भरात. तेवढंच. त्याच्यावरून तू सगळं ओळखून बसली होतीस.

गेल्या वर्षीची गोष्ट. प्रज्ञा, तुझी लाडकी भाची, डॉक्टर झाली तरी तुझ्या मांडीवर डोकं ठेवून लोळणारी माझी पोरगी, तुला फोनवर काहीतरी दाखवत होती. आता असं निघालंय म्हणाली, डागाची खोली, फुटलाय का, गाठी कशा, वय किती, एवढं भरलं की परत येण्याची शक्यता किती ते समोर येतं. तू चष्मा लावलास. "माझं घाल त्यात."

"आत्या, कशाला?"

"घाल गं."

खोली मी सांगितली. ती मला कशी विसरता येईल? प्रज्ञानं बटण दाबलं आणि आकडा आला. तो चांगला नव्हता. माझे सर भिंगातली पट्टी घेऊन जे म्हणाले होते, साधारण तेच तो फोन म्हणत होता. प्रज्ञानं फोन पालथा धरला. तू मात्र फोन हातात घेऊन मजेत बघत होतीस.

"बराबर हाय की मग हे," तू म्हणालीस. "मी उरलेल्यातली."

"हो आत्या."

"फक्त उरलेल्यांना आधी ठाऊक नसतं, आपण उरलेले म्हणून." आणि तू माझ्याकडं बघितलंस. रागानं नाही. बोलायचं असलं तर बोल, अशा नजरेनं. त्या दुपारी बोलता आलं असतं. प्रज्ञा चहा करायला उठलीही होती. मी म्हणालो, "फोनची बॅटरी संपल, ठेव तो." एवढं बोललो मी, आक्का. बॅटरीचं.

परवा गुरुजी आले. मीच फोन केला होता. वाटलं होतं, एवढ्या लांबून या वयात काय येतात. पण सुजाताला बरोबर घेऊन आले. ती आता स्वतः मुख्याध्यापिका आहे, केस पांढरे होत आलेत. गुरुजींनी पुढं वर्षभरात दुसरं लग्न केलं होतं. त्या बाई चांगल्या आहेत, सुजाता त्यांना माय म्हणते. म्हणजे तिचं काही अडलं नाही. तिच्यासाठी म्हणून मी गेलो होतो ना.

गुरुजींना कमी ऐकू येतं. तुझ्या फोटोपुढं बराच वेळ उभे राहिले, फूल वाहिलं आणि माझ्याजवळ येऊन बसले. घरात मंगल होती, प्रज्ञा होती, शेजारची दोन माणसं होती. गुरुजी म्हणाले, "तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुम्ही आला न्हाई आसता तरी माझा धीर झाला आसता का, कुणास ठाऊक. भ्यालो मी. तुम्ही तुमच्या बहिणीच्या आजाराचं खरं तेच सांगितलंत."

मला सोडवायलाच ते इतक्या लांबून आले होते. मला सुटता आलं असतं. मान हलवायची, बस्स.

मी म्हणालो, "न्हाई गुरुजी. खरं न्हाई सांगितलं."

त्यांना ऐकू गेलं नाही. सुजाता म्हणाली, "काका, जरा मोठ्यानं बोला."

मग मी मोठ्यानं बोललो. इतक्या मोठ्यानं की मंगल स्वयंपाकघरातून बाहेर आली. म्हणालो, रिपोर्ट खरा होता, पण मी रिपोर्टसाठी आलो नव्हतो. तुमच्या पोरीसाठीही आलो नव्हतो. मला माय नव्हती, बाप नव्हता, आक्का होती. ती हिमायतनगरला गेली असती. तिची दोन वर्षं उरली असतील तर ती मला पाहिजे होती. ती तुम्हाला द्यायची नव्हती मला. म्हणून आलो होतो.

गुरुजींनी माझा हात हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला. प्रज्ञा रडत होती. मंगल दारात उभी होती, आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, तिलाही हे ठाऊक नव्हतं. शेजाऱ्यांनाही कळलं. आता गल्लीत सगळ्यांना ठाऊक असेल.

ज्या एका माणसाला सांगायचं होतं, त्याला सोडून सगळ्यांना सांगून झालं, आक्का.

तुझा,
मिलिंदा